दोन बोटांचा फरक

आमच्या साडूंना किती वाजले असं विचारलं तरी ते फ्रान्सपासून सुरुवात करत. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो माझ्या साखरपुड्याच्या दिवशी. थोरला जावई म्हणून ते पुढच्या गादीवर बसले होते आणि मी संकोचून, बोलायला काहीतरी हवं म्हणून, मुहूर्ताला किती अवकाश आहे एवढंच विचारलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात होईल," असं म्हणून त्यांनी माझ्या सासऱ्यांसमोरचा याद्यांचा कागद ओढला, उलटा केला आणि त्यावर नाकाने बसकी, मागून तिरकी उतरलेली एक छोटीशी मोटारगाडी काढली. मुहूर्त टळला नाही, पण गुरुजींना दोनदा हाक मारावी लागली. तो कागद आजही आमच्या कपाटात आहे. एका बाजूला कुणी कुणाला काय द्यायचं-घ्यायचं ते, आणि दुसऱ्या बाजूला फ्रेंच गाडी, बाण काढून भागांची नावं लिहिलेली.

ती गाडी बनवणाऱ्या कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या घरात ते इतक्या वेळा उच्चारलं गेलं आहे की शेवटी माझ्या बायकोने जेवणाच्या टेबलावर त्याला बंदी घातली. "भाऊजी, पान वाढलंय. आता ते नाव काढलंत तर मी भात परत भांड्यात घालेन," असं तिने स्पष्ट सांगितलं होतं. साडूंनी बंदी मानली. ते त्या दिवसापासून गाडीला नुसतं 'ती' म्हणू लागले, त्यामुळे नवख्या पाहुण्यांचा भलताच गैरसमज होई. गाडीचं खरं नाव म्हणजे नुसता आकडा होता, पाच. आम्हीही तिला पाच म्हणायला शिकलो. माणूस घरातल्या दुखण्याला नाव देतो, तसं.

एरवी हा माणूस वेडा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायला हवं. सौदी अरेबियातल्या अबकैकच्या तेलाच्या प्रकल्पात ते पंपांची देखभाल बघत, आणि तिथे त्यांच्या शब्दाला वजन होतं. मला सौदीत आणलं तेही त्यांनीच. दम्माममधल्या एका कंपनीत मी नकाशे आणि कागदपत्रं सांभाळतो. कुठला आराखडा चालू आहे, कुठला रद्द झाला, कुठल्या प्रतीवर शिक्का हवा, हे माझं काम. मला ते आवडतं, कारण त्यात फार बोलावं लागत नाही. साडू आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, अल-खोबरला आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत. शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी मी सकाळी पुस्तक उघडायचो आणि दहाव्या पानाच्या आसपास दाराची बेल वाजायची. एकच जुनं चरित्र मी चार वर्षं वाचत होतो. त्यातला नायक अजून मुंजीच्या वयाचा होता.

त्यांची गोष्ट नेहमी एका वाक्याने सुरू होई. "असं बघा, एक माणूस होता." हा माणूस त्या फ्रेंच कंपनीत गाड्यांची रूपं रेखाटायचा. पण ही गाडी काढायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कचेरीचं काम उरकल्यावर, स्वतःच्या वेळात, आपल्या हौसेने त्याने ती कागदावर काढली. वरच्या साहेबांनी चित्र पाहिलं, आणि थोड्याफार फरकाने जशी कागदावर होती तशीच ती कारखान्यात उतरली. इथे साडू थांबून आमच्या चेहऱ्याकडे बघत, जणू चित्र आम्हीच मंजूर करायचं होतं. मग बंपर येत. पॅरिसमध्ये गाडी लावताना पुढच्या गाडीला थोडं ढकलायचं, मागच्या गाडीला थोडं ढकलायचं, अशी रीत. म्हणून तिला लोखंडाऐवजी प्लास्टिकचे बंपर दिले, धक्का लागला तरी पोचा पडू नये म्हणून. हे पटवण्यासाठी ते माझ्या ताटातली आमटीची वाटी कोशिंबिरीच्या वाटीवर नेऊन आपटत. मागचे दिवे उंचावर का, जादा चाक इंजिनाशेजारी का, सुरुवातीला गिअरचा दांडा समोरच्या फळीतून का बाहेर यायचा, सगळ्याला कारण होतं आणि सगळ्या कारणांना वाट्या लागत.

मग तेल महाग होई. सत्तरच्या दशकात जगभर तेलाच्या किमती भडकल्या आणि कमी पेट्रोल पिणाऱ्या या छोट्या गाडीला एकदम गिऱ्हाइकं मिळाली, हे खरंच आहे. पण साडू ते असं सांगत: "आणि तेल महाग कुणी केलं?" मग खिडकीतून अबकैकच्या दिशेला बोट करून, खालच्या आवाजात, "आपण." त्या काळी ते नाशिकला मराठी शाळेत चौथीत होते. पण आपल्या प्रकल्पामुळेच तिला चांगले दिवस आले, ही जबाबदारी त्यांनी मनापासून घेतली होती. पुढे दुसरी पिढी आली, ती बंद पडली, आणि आता अलीकडे तीच गाडी विजेवर चालणारी होऊन परत आली. माझ्या मुलीने मोठ्या उत्साहाने मोबाइलवर नव्या गाडीचं चित्र दाखवलं, तेव्हा त्यांनी ते बोटांनी मोठं करून बराच वेळ न्याहाळलं. "दोन्ही बाजू सारख्या आहेत," ते म्हणाले आणि फोन परत दिला, एखाद्या स्थळाला नकार द्यावा तसा.

दोन्ही बाजू सारख्या असण्यात काय वाईट, हे न कळणाऱ्याला ते आणखी अर्धा तास देत. त्यांच्या पाचची गंमतच ती होती. मागच्या दोन चाकांना नेहमीच्या स्प्रिंगऐवजी पोलादाचे दोन लांब दांडे होते. पीळ पडला की ते धक्का सोसत. दोन्ही दांडे गाडीच्या रुंदीभर आडवे. एकाच जागी दोन कसे मावणार? म्हणून एक पुढे बसवला, दुसरा त्याच्या मागे. त्यामुळे मागचं एका बाजूचं चाक दुसऱ्या बाजूच्या चाकापेक्षा दोन बोटं मागे असतं. जन्मापासून. मुद्दाम. नाशिकच्या तंत्रनिकेतनात शिकताना त्यांनी वाचनालयातल्या एका जुन्या परदेशी मासिकात या गाडीचं पोट उघडून दाखवलेलं चित्र पाहिलं होतं. आधी त्यांना वाटलं, चित्रकार चुकला. मग त्यांनी पट्टी लावून मोजलं. "त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की सरळ चालायचं असेल तर सगळं सारखं पाहिजे," असं ते एकदा म्हणाले होते. हे एक वाक्य मला आवडलं होतं. पण त्यापाठोपाठ त्यांनी पिळाचा हिशेब सुरू केला, त्यामुळे तसं सांगायचं राहून गेलं.

असल्या गोष्टी ऐकणारा माणूस कधीतरी एखादा प्रश्न विचारतोच. मीही विचारला, केवळ सभ्यता म्हणून. ज्याने ते चित्र काढलं, त्या माणसाचं पुढे काय झालं? साडू पहिल्यांदाच गप्प झाले. मग म्हणाले, "आधी गाडी बघा हो तुम्ही," आणि दारांच्या मुठींकडे वळले. नंतर दोनदा मी तोच प्रश्न विचारला, थोडासा खोडसाळपणे, कारण त्यांना गप्प करणारी एकच किल्ली मला सापडली होती. दोन्ही वेळा तेच उत्तर.

इथपर्यंत ही सगळी पाच कागदावरच होती. खरी गाडी आमच्या आयुष्यात आली ती तशलीहमुळे, म्हणजे दम्मामबाहेरच्या मोडक्या गाड्यांच्या बाजारामुळे. तिथे आपल्या रोजच्या गाडीचा एक सुटा भाग शोधायला गेलेल्या साडूंना कुणीतरी सांगितलं की होफूफकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या खजुराच्या बागेत असली एक चिमुकली गाडी पडून आहे. कोण्या फ्रेंच अभियंत्याने देश सोडताना दिलेली. त्याच दुपारी ते मला घेऊन तिकडे गेले. गाडी होती. तिच्यात कोंबड्या होत्या. मागच्या आसनावर त्यांची तिसरी-चौथी पिढी नांदत असावी, इतक्या हक्काने त्या आमच्याकडे बघत होत्या. शेतकऱ्याने गाडीचा इस्तिमारा, म्हणजे नोंदणीचा कागद, खजुराच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला होता. साडू मात्र कागदाकडे गेलेच नाहीत. ते पँट वर ओढून मातीत उकिडवे बसले, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, चाकाच्या कमानीत बोटं घालून. उठले तेव्हा गुडघ्यांवर कोंबड्यांची घाण होती आणि चेहरा मुलगा झाल्यासारखा. "दोन बोटं," ते म्हणाले.

गाडी त्यांनी तिथेच विकत घेतली. त्यानंतरची सहा वर्षं मला सविस्तर आठवायची इच्छा नाही. एसी नसलेल्या त्या गाडीत बसून आम्ही चौघं एकदा समुद्रकाठच्या रस्त्याने फिरायला निघालो, ऐन ऑगस्टात. ताईने डोक्यावर ओला टॉवेल घेतला होता आणि हातात झाडांवर पाणी मारायचा फवारा. ती आळीपाळीने स्वतःवर, बहिणीवर आणि नवऱ्याच्या मानेवर फुस्‌फुस् पाणी मारत होती. सिग्नलला गाडी बंद पडली. शेजारच्या भल्यामोठ्या गाडीतल्या सौदी कुटुंबाने काच खाली करून थंड ताकाच्या चार बाटल्या दिल्या. त्यांना वाटलं, आम्ही संकटात आहोत. तसे आम्ही होतोच. साडू मात्र ताक घेऊन खाली उतरले आणि त्या गृहस्थांना बंपर दाखवू लागले. सिग्नल तीनदा हिरवा झाला. ताई माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "लग्न ठरवताना मला विचारलं होतं, गाण्याची आवड आहे का, स्वयंपाक येतो का. हे कुणी विचारलंच नाही हो."

माझी मुलगी इथल्या भारतीय शाळेत शिकते. तिला फ्रान्सच्या राज्यक्रांतीवर एक प्रकल्प करायचा होता, आणि माझ्या नकळत तिने काकांची मदत घेतली. आठ पानांत राज्यक्रांती पहिल्या दीड पानातच आटोपली होती, पुढे बंपर. बाईंनी खाली लाल शाईत विचारलं होतं, "व्हेअर इज द किंग?" मी साडूंना जाब विचारला तर ते मुलीलाच म्हणाले, "तुझ्या बाईंना गाडी आवडली की नाही?" ती म्हणाली, "काका, शी गेव्ह मी बी मायनस." त्यांनी बराच विचार केला. "बी चालेल," ते म्हणाले. "मायनस मात्र राजाचा."

दम्मामच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, दापोलीकडचे एक वयस्कर मिस्त्री होते. पत्र्याचं काम त्यांच्यासारखं कुणी करत नसे. गाडी वर उचलताच ते खाली वाकले आणि हळहळले. "साहेब, हिला मागून कुणीतरी ठोकलान. एक चाक सरकलंय. तुम्हाला फसवलान हो." झालं. साडू तिथल्याच एका टायरवर बसले आणि 'एक माणूस होता' पासून सुरुवात झाली. मिस्त्रींनी दीड तास ऐकलं, मधे नमाज पढून आले, पुन्हा ऐकलं. शेवटी म्हणाले, "बरं, तुम्ही म्हणता तर जन्माचीच. पण दुसऱ्या कुणी विचारलं तर मी ठोकलेलीच सांगेन. मला येवढं सगळं पाठ व्हायचं नाय." मला इतकं हसू आलं की साडू माझ्याकडे वळले. "हसता काय? आपण दोघं तरी काय आहोत? एका घरचे दोन जावई. एकाच जागी दोघं मावत नाहीत. मी थोडा पुढे, तुम्ही थोडे मागे. चालतंय ना सरळ?" मिस्त्रींनी मान डोलावली. एवढं त्यांना पटलं.

मग साडूंना साठ वर्षं पूर्ण झाली आणि कंपनीने त्यांच्या निवृत्तीची तारीख कळवली. इथे माणूस कायमचा परत निघतो तेव्हा त्याच्या नावावर काही उरून चालत नाही. घराचा करार संपवायचा, विजेचं बिल संपवायचं, आणि गाडी एक तर दुसऱ्याच्या नावावर करायची नाही तर भंगारात देऊन तसा दाखला आणायचा. त्याशिवाय शेवटचा शिक्का मिळत नाही. त्यांची रोजची जपानी गाडी एका दिवसात खपली. पाचला गिऱ्हाईक नव्हतं. साडूंनी ती माझ्या नावावर करायचं ठरवलं. मला विचारलं नाही, कळवलं. आणि नावावर करायची तर आधी तिने फहस, म्हणजे सरकारमान्य तपासणी, पार करायला हवी. ती साडूंनी सहा वर्षं या ना त्या कारणाने चुकवत आणली होती. सहा आठवडे हातात होते. ती पार झाली नाही तर तशलीहमधल्या दाबयंत्राखाली जाणार होती. त्या यंत्राचा आवाज साडूंनी ऐकला होता. ते त्याबद्दल बोलत नसत. आणि जो माणूस कशाबद्दलही बोलत असे तो एखाद्या गोष्टीबद्दल बोलत नसेल, तर घरातल्या सगळ्यांना ते ऐकू येतं.

पहिल्या वेळी ती धुरामुळे आणि हॉर्नमुळे नापास झाली. ते रास्तच होतं, हॉर्न नव्हताच. दुसऱ्या वेळी हॉर्न वाजला, धूर थांबला, दिवे लागले, ब्रेक लागले. मग खालच्या खड्ड्यात उभ्या असलेल्या तपासनिसाने दिव्याचा झोत मागच्या चाकांवर मारला, वर आला आणि कागदावर लिहिलं की गाडीचा सांगाडा अपघातात वाकडा झाला आहे. साडू बोलायला लागले. त्यांची अरबी पंपाच्या भाषेतली होती: उघड, बंद कर, गळतंय, किती वाजता. एवढ्या भांडवलावर त्यांनी एका माणसाने स्वतःच्या वेळात काढलेलं चित्र समजावायचा प्रयत्न केला. तपासनीस सभ्य होता. त्याने दोन मिनिटं ऐकलं, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाला, "खलास, हाजी." संपलं. साडू गाडीत येऊन बसले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "त्याची चूक नाही. मीही पहिल्यांदा पट्टी लावली होती."

त्यांनी पहिल्यांदाच गोष्ट अर्धी सोडली होती. मला ते बघवलं नाही. आणि मला आयुष्यात एकच गोष्ट नीट येते. मी त्यांच्या घरी गेलो आणि त्यांची फाइल मागितली. ती फाइल नव्हतीच, चार खोकी होती. मासिकांची कात्रणं, फ्रेंच पुस्तिका, छायाप्रती, छायाप्रतींच्या छायाप्रती. आठ दिवस संध्याकाळी बसून मी ते सगळं लावलं. गाडीच्या मूळ पुस्तिकेत तो आराखडा सापडला: दोन्ही बाजूंची मापं, वेगवेगळी, स्पष्ट छापलेली. आमच्या कचेरीतल्या सुदानी भाषांतरकाराने त्याचं एक पान अरबीत करून दिलं. आराखडा आणि भाषांतर, दोन पानं. साडू म्हणाले, चाळीस हवीत. मी म्हटलं, तपासनिसाला चाळीस पानं दिली की तो पहिलंही वाचत नाही. ते म्हणाले, बंपरांशिवाय त्याला कळणार कसं? मी म्हटलं, बंपर नापास झालेले नाहीत. असं आम्ही पाच संध्याकाळी भांडलो. माझी बायको आणि ताई आतल्या खोलीत दार लावून बसत. शेवटी तडजोड झाली ती अशी, की दोन पानं वर, बाकीचं सगळं मागे, आणि मध्ये एक रंगीत कागद, ज्यावर मी लिहिलं: 'गरज पडल्यास.'

तिसऱ्या वेळी निघायला नऊ दिवस उरले होते. तोच तपासनीस. त्याने पानं पाहिली, पुन्हा खड्ड्यात गेला, वर आला आणि आपल्या साहेबांना बोलावून आणलं. साहेब पिकल्या दाढीचे, संथ. त्यांनी आराखडा आडवा धरला, उभा धरला, मग रंगीत कागद उलटला आणि साडूंना विचारलं, हे काय आहे? मी डोळे मिटले. मागे बावीस गाड्या होत्या. साडू म्हणाले, "एक माणूस होता." या वेळी भाषांतरासाठी मी होतो, माझी अरबी त्यांच्यापेक्षा थोडी बरी. तेल महाग झालं इथपर्यंत आल्यावर साहेबांनी खुर्च्या मागवल्या, आणि मग कॉफी. मागचे हॉर्न वाजायचे बंद झाले. दोन-तीन चालक उतरून ऐकायला येऊन उभे राहिले. गोष्ट संपल्यावर साहेब स्वतः खड्ड्याच्या पायऱ्या उतरले, एका चाकाच्या कमानीत बोटं घातली, मग दुसऱ्या. वर आले, दोन बोटं वर करून सगळ्यांना दाखवली आणि काचेवर चिकटवायचा कागद आणायला सांगितलं. माझ्या साडूंना स्वर्ग दोन बोटं उरला असेल, असं कुणालाही वाटेल. परत येताना मात्र ते फुरंगटून बसले होते. विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्या पिढीबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही."

गाडी माझ्या नावावर झाली, शिक्का मिळाला, विमानतळावर निरोप झाला. मला वाटलं, आता शुक्रवार माझे. पण दर शुक्रवारी सकाळी नाशिकहून फोन येऊ लागला, चित्रासकट. "जरा खाली जाता का? तिचा आवाज ऐकवा." मी हातातलं पुस्तक पालथं घालून खाली जायचो, गाडी सुरू करायचो आणि उन्हात बॉनेटवर वाकून फोन धरून उभा राहायचो. इमारतीच्या पहारेकऱ्याने एकदा विचारलं की आत कुणी आजारी आहे का. साडू तिकडून सांगत, "डावीकडे न्या. आता उजवीकडे. खर्ज ऐकू येतोय ना?" मला कधीच काही ऐकू आलं नाही. मी हो म्हणत असे. पुढे पुढे ते खुर्चीऐवजी पलंगावर दिसू लागले, आणि सूचना कमी झाल्या. शेवटच्या शुक्रवारी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. ते नुसतं ऐकत राहिले. मग म्हणाले, "बंद करा आता. पेट्रोल जळतंय."

परत गेल्यावर आठव्या महिन्यात ते गेले. ताईने फोनवर सांगितलं की दुखणं निवृत्तीच्या आधीच कळलं होतं. कुणाला बोलायचं नाही म्हणाले, आधी गाडीचं होऊ दे म्हणाले. फोन ठेवल्यावर मला मिस्त्रींच्या गॅरेजमधलं त्यांचं 'मी थोडा पुढे, तुम्ही थोडे मागे' आठवलं, आणि तेव्हा मी हसत होतो याचा राग आला. नंतर ती फाइल मी पुन्हा उघडली. काही कारण नव्हतं, हातांना काम हवं होतं. अगदी शेवटी, मी लावलेल्या पानांच्या मागे, एक घडी केलेला कागद निघाला. तो मी लावला नव्हता. फ्रेंच मासिकातलं छोटं टिपण, आणि खाली साडूंच्या अक्षरात मराठी. गाडी रस्त्यावर आली, आणि थोड्याच महिन्यांत ते चित्र काढणारा माणूस आजारपणात गेला. तरुणच होता. ती लोकांना किती आवडली हे त्याला फारसं बघायला मिळालं नाही. खाली एक रेघ मारलेली होती, आणि रेघेखाली काही नव्हतं.

परवा तिच्या तपासणीची मुदत आली. तिकडे आता नवीन तपासनीस आहे. पिकल्या दाढीचे साहेब बदलून गेले. तो खड्ड्यात उतरला, दिव्याचा झोत फिरवला आणि खालूनच ओरडून म्हणाला की ही ठोकलेली आहे. मी दोन पानं पुढे केली. त्याने ती चाळली आणि परत दिली. "कागद नको. तू सांग." मला फार बोलायला आवडत नाही, हे मी आधी लिहिलं आहेच. मागे रांग होती, ऊन होतं. मी खाली वाकून म्हणालो, असं बघ, एक माणूस होता. मग बंपर आले. मला ते सांगायचे नव्हते, पण त्यांच्याशिवाय पुढे जाताच येईना. तेल महाग झालं तेव्हा माझं बोट आपोआप अबकैककडे गेलं. दोन दांड्यांपाशी मात्र, 'एक थोडा पुढे' एवढंच म्हणून मी थांबलो. तपासनिसाला वाटलं, मला अरबी शब्द आठवत नाही, आणि त्याने तो सुचवला. मग त्याने कमानीत हात घातला, इकडे, तिकडे, आणि हसला. दिवा विझवण्याआधी त्याने वर पाहिलं.

"आणि तो चित्र काढणारा? त्याचं पुढे काय झालं?"

फाइल माझ्या काखेत होती. तो कागद तिच्यात शेवटी होता.

"आधी गाडी बघ," मी म्हणालो.